आधी अवशेष, मग आरोप

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि बरोबर महिन्यानं पंधरा पानांचा प्राथमिक अहवाल आला. त्यातली मोजकी वाक्यं आता सगळ्यांना पाठ आहेत. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सेकंदाच्या अंतरानं ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले. एका वैमानिकानं दुसऱ्याला विचारलं, का बंद केलंस. तो म्हणाला, मी नाही केलं. एवढ्या शिदोरीवर मराठी चॅनेलांवर आणि घराघरांतल्या ग्रुपांवर दोन फळ्या उभ्या राहिल्या. एक म्हणते पायलटनंच केलं, दुसरी म्हणते विमान बनवणाऱ्या बोइंगला वाचवताहेत. भांडण कितीही पेटलेलं असो, एका मुद्द्यावर मात्र दोन्हीकडे एकमत दिसतं: इंग्लंडमध्ये असतं तर आठ दिवसांत खरं काय ते बाहेर आलं असतं!

आणि यावर आम्ही इंग्लंडात राहणाऱ्यांनी मान डोलवावी अशी अपेक्षा असते. डोलवायला आवडलंही असतं, कारण इथला कर भरणाऱ्याला इथल्या यंत्रणेचं कौतुक ऐकून बरंच वाटतं. पण इथला अगदी पहिला तपास अहवाल माहीत असलेल्या माणसाला ते जमणार नाही.

तो १९१२ चा. त्या वर्षी १३ मे रोजी ब्रुकलँड्सला, म्हणजे आता जिथं टेस्को आणि एम अँड एसचं पार्किंग आहे त्याच भागात, ई. व्ही. बी. फिशर हे वैमानिक फ्लँडर्स मोनोप्लेन (पंखांची एकच जोडी असलेलं विमान) उडवत होते. सोबत व्हिक्टर मेसन नावाचे अमेरिकन प्रवासी होते. वळण घेताना विमान बाजूला घसरलं आणि पडलं, दोघेही गेले. चौकशी सरकारनं केली नाही, रॉयल एरो क्लब या वैमानिकांच्या संस्थेच्या समितीनं केली. समितीनं दोष दिला तो थेट वैमानिकाला: विमानाची शेपटी खाली गेलेली असताना वळण घेण्यातला धोका त्यानं पुरता ओळखला नाही. म्हणजे ज्या परंपरेचे आपण गोडवे गातो, तिचं पहिलं पान ‘पायलटची चूक’ हेच आहे. आपल्या कुठल्याही पॅनेलवर ते शोभून दिसेल.

फरक इतकाच की समितीनं सिद्ध झालेल्या गोष्टी आधी मांडल्या आणि आपलं मत त्यानंतर, वेगळं दिलं. वाचणाऱ्याला मत पटलं नाही तरी सिद्ध गोष्टी शाबूत राहतात. ही साधी शिस्त घरच्या चर्चेत कुणी पाळली तर मी माझे सगळे टोमणे परत घेईन.

त्या काळात रेकॉर्डर नव्हता, रडार नव्हतं, बहुतेक विमानांत रेडिओही नव्हता. होते ते अवशेष आणि साक्षीदार. त्यातही साक्षीदार कच्चे. लोक सांगत, आधी स्फोट झाला आणि मग पंख तुटला. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, त्यामुळे दोन किलोमीटरवरच्या शेतकऱ्यानं पंख तुटताना पाहिला तेव्हा त्याच्या कानावर सहा सेकंदांपूर्वीचं इंजिन पडत असतं. आणि तो ‘स्फोट’ बहुधा लाकडी स्पार, म्हणजे पंखातला मुख्य दांडा, मोडल्याचा उशिरा पोचलेला आवाज असतो. म्हणून साक्ष घेताना आधी माणूस नेमका कुठं उभा होता ते नकाशावर टिपायचं, मग त्यानं काय पाहिलं ते विचारायचं.

अवशेषांचं काम त्याहून किचकट. पहिली गोष्ट म्हणजे गर्दी हटवणं, कारण आठवण म्हणून तुकडे पळवणारे तेव्हाही होते. मग काहीही हलवण्याआधी फोटो आणि आराखडा. नाक, शेपटी आणि पंखांची दोन्ही टोकं एकाच जागी सापडली तर विमान अखंड जमिनीवर आलं. यांतलं एखादं टोक मागं, वाटेत कुठं सापडलं तर ते हवेत सुटलं, आणि मार्गावर सगळ्यात मागं पडलेला तुकडा हा पहिला संशयित. मात्र कापडाचा हलका भाग वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि इंजिन उडण्याच्या दिशेनं पुढं जाऊन पडतं, म्हणून त्या वेळचा वारा माहीत नसेल तर हा हिशेब पार उलटा बसतो.

पुढच्या लाकडी पंख्याची (प्रोपेलरची) दोन्ही पाती चिंधड्या होऊन लांब उडाली असतील तर इंजिन जोरात होतं. खालचं पातं मोडलं आणि वरचं धड राहिलं तर ते फिरत नव्हतं. नियंत्रणाच्या तारेचं टोक पाहायचं: ओढ असह्य होऊन तुटलेल्या धाग्यांची टोकं निमुळती होतात. पुलीवर घासून झिजलेले धागे चपटे आणि चकचकीत दिसतात, त्यांतल्या काही टोकांवर जुना गंजही असतो, म्हणजे तार कित्येक दिवस तुटत आली होती. टर्नबकल, म्हणजे तारेचा ताण कमीजास्त करायची फिरकी, सैल आहे का, त्याची लॉकिंग वायर जागेवर आहे का? सांध्यात सरस लाकडाचे तंतू घेऊन सुटला असेल तर सांधा धड होता आणि धक्क्यानं गेला. लाकूड स्वच्छ दिसत असेल तर सरसच ओलाव्यानं मेला होता. आग लागली की लाकूड आणि कापड जातं, तारा आणि धातूचे सांधे राहतात. जळालेल्या विमानात म्हणून आधी पेट्रोलचा कॉक, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे स्विच आणि तारांची टोकं शोधायची. (११३ वर्षांनंतरही वाद शेवटी स्विचवरच आला, हे वेगळं.)

याच पद्धतीनं ‘पायलटची चूक’ हा निकाल हळूहळू पोखरला गेला. एकामागून एक मोनोप्लेनचे पंख हवेत मोडत होते आणि कडक हाताच्या वैमानिकांना दोष दिला जात होता. १९१२ मध्ये लुई ब्लेरिओनं, जो स्वतःच अशी विमानं विकत होता, दाखवून दिलं की पंखांवर हवेचा जोर नेहमी खालूनच येतो हे गृहीतच चूक आहे. विमान एकदम खाली झुकवलं की दाब वरून येतो, आणि वरच्या बाजूच्या तारा तर फक्त जमिनीवर पंखांचं वजन पेलण्यापुरत्याच बसवलेल्या असत. फ्रेंच लष्करानं मोनोप्लेन थांबवली. उत्पादकानं स्वतःच्या मालावर असं लिहिणं आज कल्पनेतही येत नाही, बोइंगमध्ये तर नाहीच.

पुढच्या वर्षी, ७ ऑगस्ट १९१३ ला, आमच्या फार्नबरोजवळ सॅम्युअल कोडी आणि त्यांच्या विमानात बसलेले क्रिकेटपटू डब्ल्यू. एच. बी. इव्हान्स पडून गेले. विमान हवेतच मोडलं. दोघांनीही पट्टा बांधला नव्हता, दोघेही बाहेर फेकले गेले. समितीचं बोट या वेळी विमानाच्या बांधणीकडे होतं.

१९१५ मध्ये लष्करानं कॅप्टन जॉर्ज कॉकबर्न यांना अपघात निरीक्षक नेमलं. ते थेट लष्करी विमानविभागाच्या प्रमुखाला जबाबदार होते, मधल्या कुणाला नाही. आजच्या ब्रिटिश विमान अपघात तपास शाखेचं मूळ तिथं आहे. नागरी अपघातांचे नियम १९२२ मध्ये आले. १९२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी लंडनच्या क्रॉयडन विमानतळाहून निघालेलं इम्पीरियल एअरवेजचं डीएच-३४ विमान पर्लीजवळ पडून आठही जण गेले, तेव्हा नागरी अपघाताची पहिली जाहीर चौकशी झाली आणि तिच्यातून क्रॉयडनचा तळ वाढवण्याचा कायदा निघाला. एरवी सरकारी तपास फायलीतच राहायचा. तो उघडायला केंटमधल्या मिओफमचा अपघात लागला: २१ जुलै १९३०, जर्मन बनावटीचं युंकर्स एफ-१३ विमान, सहा मृत, त्यांत एक मार्क्विस आणि एक व्हायकाउंटेस. मेलेली माणसं अशी होती म्हणून अहवाल छापला गेला, असं माझं मत. निष्कर्ष असा की ढगात वर जाणारा जोरदार झोत लागला, पंखांवरून खवळलेली हवा मागं शेपटीवर आदळत राहिली आणि शेपटीचा आडवा पंख थरथरून मोडला. त्यासाठी वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग झाले. जर्मनांना ते पटलं नाही. म्हणजे ‘परदेशी तज्ज्ञ’सुद्धा आपापल्या कारखान्याच्या बाजूनं बोलत होते, तेव्हाही.

अहमदाबादच्या तपासाला ‘निवृत्त न्यायाधीश नेमा’ या मागणीचंही तसंच. कराचीला निघालेलं आर-१०१ हे वायूनं तरंगणारं हवाईजहाज (एअरशिप) ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पडलं, ५४ पैकी ४८ गेले. चौकशी सर जॉन सायमन या निष्णात वकिलाकडे होती (होय, ‘गो बॅक’वाले). पण त्यांच्या शेजारी दोन तांत्रिक जाणकार बसले होते. राजकीय गरज नसती तर जहाज त्या संध्याकाळी निघालंच नसतं, एवढं अहवालात स्पष्ट आहे. त्याबद्दल खुर्ची कुणाची गेली नाही. संबंधित मंत्री त्याच जहाजात मेले होते.

भारतात १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे नियम याच साच्यातून आले, आणि मोठ्या अपघाताला न्यायालयीन चौकशी ही सवयही. स्वतंत्र तपास विभाग २०१२ मध्ये झाला. उशीर झाला, मान्य. पण ‘आपल्याकडे काही होणार नाही’ हे घरून ऐकलं की मला चीड येते. इथल्या सहकाऱ्यांनी तेच सभ्य इंग्रजीत म्हटलं की त्याहून जास्त येते. गंमत अशी की मी घरच्यांसमोर ब्रिटिश तपासाची वकिली करतो आणि ऑफिसात भारतीय तपासाची. दोन्हीकडे माझ्याकडे पाहतात ते समोरच्या पक्षाचा माणूस म्हणूनच, आणि इतक्या वर्षांनी त्यांचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही.

तरी घरच्या ग्रुपवर वाद घालायचाच असेल तर सामान तिथंच, त्या पंधरा पानांत आहे. इंधनाच्या स्विचला खटका असतो. तो वर उचलल्याशिवाय स्विच हलू नये. काही बोइंग विमानांत हा खटका निकामी अवस्थेत बसवलेला सापडला, अशी सूचना अमेरिकी नियामकानं २०१८ मध्ये काढली होती. ती सक्तीची नव्हती, आणि या विमानावर ती तपासणी झाली नव्हती. इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलचा आख्खा संच, ज्यात हे स्विचही असतात, २०१९ आणि २०२३ मध्ये बदलला होता, स्विचच्या तक्रारीवरून नाही. बदललेल्या संचात खटका कोणत्या बनावटीचा होता? अवशेषांतून निघालेल्या खटक्याच्या कडा झिजलेल्या होत्या की धारदार? पायलट की बोइंग हे ओरडून सांगणाऱ्यांपैकी हे दोन प्रश्न कुणी विचारलेले मी अजून ऐकले नाहीत.