अंगठ्या मोजून क्लच ठरत नाही

बास्केटबॉलमधल्या थोर गार्डांवर, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणाऱ्या खेळाडूंवर, वाद सुरू झाला की कोणीतरी लगेच विजेतेपदाच्या अंगठ्या मोजायला लागतो. मायकल जॉर्डन सहा, मॅजिक जॉन्सन पाच, कोबी ब्रायंट पाच, स्टीफन करी चार, विषय संपला. अरे, मग रॉबर्ट हॉरीसारख्या दुय्यम खेळाडूकडे तर सात आहेत. बसवा त्याला सगळ्यांच्या डोक्यावर!

अटीतटीच्या क्षणी सर्वात भारी खेळलेल्या खेळाडूला एनबीए ही अमेरिकेतली लीग २०२३ पासून दर मोसमात एक ट्रॉफी देते. तिला नाव आहे जेरी वेस्टचं. लेकर्सचा हा गार्ड नऊ फायनल खेळला आणि त्यातल्या आठ हरला. तरी सगळे त्याला ‘मिस्टर क्लच’, म्हणजे ऐन मोक्याला न डगमगणारा, म्हणायचे आणि योग्यच म्हणायचे. १९६९ ची फायनल घ्या (फायनल म्हणजे सातपर्यंत सामन्यांची मालिका). बॉस्टन सेल्टिक्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात ५३ गुण, मालिकेत सरासरी जवळपास ३८. सातव्या सामन्यात मांडीचा स्नायू दुखावलेला असताना ४२ गुण, १३ रिबाऊंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), १२ असिस्ट (बास्केट करून देणारे पास). लेकर्सच्या मालकाने जल्लोषासाठी छताला फुगे टांगून ठेवले होते. सामना संपत आला असताना सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनने मारलेला चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटला, सरळ वर उडाला आणि जाळीतून खाली आला. लेकर्स दोन गुणांनी हरले, फुगे छतालाच राहिले. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू मात्र वेस्ट ठरला. हरलेल्या संघातल्या दुसऱ्या कोणालाही हा मान मिळालेला नाही.

पुढच्या वर्षीच्या फायनलमध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध तिसऱ्या सामन्यात वेळ संपता संपता त्याने साठेक फुटांवरून बास्केट केली. आज असती तर तीन गुण मिळून सामना खिशात. पण थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण, एनबीएत आला १९७९ मध्ये, त्यामुळे नुसती बरोबरी झाली आणि जादा वेळेत पुन्हा हार. नेल्सनचा तो चेंडू रिंगबाहेर पडला असता तर वेस्ट जास्त क्लच ठरला असता का? त्याने स्वतः तर काहीच वेगळं केलं नसतं.

नुसते आकडेही जपून वाचावे लागतात. ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२ मध्ये अख्ख्या मोसमात सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाऊंड आणि ११.४ असिस्ट काढले. अफाटच आहे. पण तेव्हा एकेक संघ सामन्याला शंभराहून जास्त शॉट मारायचा, आणि जितके शॉट चुकणार तितके रिबाऊंड वाढणार. उलट स्टील १९७३ पर्यंत मोजतच नव्हते, म्हणून वेस्टने शेवटच्या मोसमाआधी किती चेंडू पळवले याची नोंदच नाही.

एनबीएच्या हिशेबात क्लच म्हणजे शेवटची पाच मिनिटं आणि फरक पाच गुणांच्या आत. व्याख्या ठीक आहे, पण एका खेळाडूच्या वाट्याला मोसमभरात अशी मिनिटं येतात किती? चार शॉट इकडचे तिकडे झाले की यादी उलटी. जॉन स्टॉकटनने १९९७ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या क्षणी थ्री-पॉइंटर टाकून यूटाला पहिल्यांदा फायनलला नेलं. वर्षभराने, १४ जून १९९८ ला, त्याचा तसाच शेवटचा शॉट चुकला आणि शिकागो चॅम्पियन झाली. मग स्टॉकटन क्लच की नाही?

त्या रात्रीचा शिकागोचा जॉर्डन सगळ्यांना पाठ आहे: ५.२ सेकंद उरलेले, समोर यूटाचा ब्रायन रसेल, शॉट आत आणि शिकागो ८७-८६ पुढे. पण त्या सामन्यात त्याने ३५ शॉट मारले आणि त्यातले २० चुकले, हे कोणी सांगत नाही. मला त्या शॉटपेक्षा त्याआधीची गोष्ट मोठी वाटते. एका गुणाने मागे असताना चेंडू यूटाच्या कार्ल मलोनकडे जाणार हे ओळखून जॉर्डन मागून आला आणि थेट त्याच्या हातातून चेंडू उडवला. तो चेंडू मिळाला म्हणून पुढचा शॉट मिळाला. त्याआधीच्या वर्षी याच यूटाविरुद्ध सहाव्या सामन्यात दोघे अंगावर आले तेव्हा त्याने चेंडू सहकारी स्टीव्ह करला दिला आणि करने बास्केट केली. माझ्या मते क्लच हे आहे.

म्हणून मी प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने, बघतो. तिथे बचाव घट्ट होतो, समोरचा संघ तुमचा अभ्यास करून येतो, तरी आकडे वाढले तर त्याला अर्थ आहे. साखळीतून प्लेऑफमध्ये गेल्यावर सामन्यामागे सरासरी गुण: जॉर्डन ३०.१ वरून ३३.४. वेस्ट २७ वरून २९.१. कोबी २५ वरून २५.६. मॅजिकचे असिस्ट ११.२ वरून १२.३. मॅजिकने १९८४ च्या फायनलमध्ये मोक्याच्या वेळी माती खाल्ली, खरंय. पण १९८० मध्ये विशीतल्या या पोराने जायबंदी सहकारी करीम अब्दुल-जब्बारच्या जागी सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) म्हणून खेळून ४२ गुण काढत फायनल जिंकून दिली होती, ते विसरायचं का?

करीबद्दल ‘मोठ्या सामन्यात गळपटतो’ हे २०१६ पासून ऐकतोय. २०२२ मध्ये बॉस्टनमध्ये जाऊन ४३ गुण काढले, मग पॅरिस ऑलिम्पिकच्या सेमीफायनल आणि फायनलमध्ये मिळून १७ थ्री-पॉइंटर टाकले. अजून काय करायचं त्याने?

माझा क्रम: जॉर्डन, मॅजिक, करी, वेस्ट, कोबी. हो, कोबी वेस्टच्या खाली. २०१० च्या फायनलच्या सातव्या सामन्यात त्याचे २४ पैकी फक्त ६ शॉट आत गेले, त्या रात्री त्याला तारलं १५ रिबाऊंडनी, आणि शेवटच्या मिनिटाच्या तोंडावर त्याने सहकारी रॉन आर्टेस्टला दिलेल्या पासने. पास, बरं का. आता कोबीवाले त्याच्या एका सामन्यातल्या ८१ गुणांचा दाखला देतील. तो जानेवारीतला, टोरंटोविरुद्धचा साखळी सामना होता.