चाकाला एकच नट म्हणजे जास्त मजबूत? हा फॉरवर्ड थांबवा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने एक फॉरवर्ड टाकला आणि खाली विचारलं, "मामा, हे किट बसवून घेऊ का?" त्याच्याकडे चार नटांच्या चाकांची साधी हॅचबॅक आहे. ग्रुपवरच्या बाकीच्यांनी अंगठे दाखवून पाठिंबाही देऊन टाकला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फॉरवर्डचं म्हणणं असं. फॉर्म्युला वन आणि पोर्शच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो, म्हणजे सेंटर लॉक. एक मोठा नट पाच लहान नटांपेक्षा मजबूत असतो. तो कधी सुटत नाही. चाक कोणीही दोन मिनिटांत बदलू शकतं. गाडीकंपन्या जास्त नट लावतात ते सुटे भाग विकायला. आणि आता ॲडॅप्टर किट लावून कुठलीही गाडी सेंटर लॉक करता येते.

पैशाचा आरोप आधी निकालात काढू. टाटा नॅनो आठवा. लाखाच्या किमतीत बसवण्यासाठी जिच्यातला एकेक भाग घासून स्वस्त केला, त्या गाडीच्या चाकाला तीन नट होते. रेनॉ क्विडलाही सुरुवातीला तीनच होते. म्हणजे पैसे वाचवायचे असतात तेव्हा कंपन्या नट कमी करतात. एका नटाची पद्धत स्वस्त आणि मजबूत असती, तर नॅनोला ती पहिल्या दिवसापासून मिळाली असती. शिवाय 'पोर्शला एकच नट' हेसुद्धा अर्धवट आहे. कॅरेरा जीटी, जीटी३ अशा मोजक्या गाड्यांना सेंटर लॉक येतं. त्याच कंपनीच्या मकान, कायेन आणि साध्या ९११ कॅरेराला पाच बोल्ट असतात.

आता 'एक मोठा म्हणून मजबूत'. चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागावर, टिकतं ते नट चाकाला हबवर किती जोराने दाबून धरतो त्यावर. त्या दाबामुळे दोन्हींमध्ये घर्षण तयार होतं आणि ब्रेकचा, इंजिनाचा पीळ (फिरवणारा जोर) ते घर्षण पेलतं. आपल्याकडच्या लहान गाड्यांचा १२ मिलिमीटरचा नट साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटरने (हे पिळाचं माप) आवळतात. कोरड्या आट्यांचा नेहमीचा हिशेब लावला तर त्यातून प्रत्येक नटामागे अंदाजे साडेतीन-चार टनांचा दाब मिळतो. चार नटांचा मिळून झाला चौदा-सोळा टन. नटाचा व्यास वाढला की तेवढ्याच पिळात मिळणारा दाब कमी होतो, कारण जोर आट्यांच्या घर्षणातच जास्त खर्च होतो. म्हणून पोर्शच्या सेंटर लॉकला ६०० न्यूटन-मीटर लागतात, आट्यांना ठरावीक ग्रीस लागतं, आणि एवढं करूनही फिरण्याचा जोर पेलायला हबवर वेगळ्या पिना द्याव्या लागतात. त्या पिनांबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. आणि मोठा एकच नट खरोखर सरस असता, तर सर्वांत जास्त ओझं वाहणाऱ्या ट्रकच्या चाकाला आठ-दहा नट कशाला दिले असते?

'कधी सुटत नाही' हे वाक्य मात्र मला सहन होत नाही, कारण याची परीक्षा जगासमोर झालेली आहे. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या कप मालिकेत वर्षानुवर्षं पाच नटांची चाकं होती. २०२२ मध्ये नवीन गाडी आली आणि तिच्याबरोबर मधला एकच नट आला. बदलणारे लोक कसलेले, रोज सराव करणारे. तरीही पहिल्याच मोसमात धावत्या गाड्यांची चाकं निघाली. शर्यतीत चाक निखळलं तर क्रू चीफ (संघाचा तांत्रिक प्रमुख) आणि दोन कर्मचाऱ्यांना चार शर्यतींची बंदी, असा नियम होता आणि संघांमागून संघांना ती भोगावी लागली. पुढच्या वर्षी शिक्षा सौम्य करावी लागली. पाच नटांच्या काळात एखादा नट राहून गेला तर गाडी थरथरायची, चालक ओळखायचा आणि पिटमध्ये, म्हणजे शर्यतीतल्या दुरुस्तीच्या जागी, परत यायचा. एकच नट नीट बसला नाही तर त्याची जागा घ्यायला दुसरा कोणी नाही. साध्या गाडीतही हेच होतं. चारांतला एक नट सैल झाला की स्टिअरिंग हलतं, खटखट आवाज येतो, बाजूला घ्यायला वेळ मिळतो. चारही सैल ठेवले तर तेही चाक निघेल, पण त्यासाठी चार चुका व्हाव्या लागतात.

फॉर्म्युला वनचं म्हणाल, तर २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ग्रांप्रीत हास संघाच्या दोन्ही गाड्या चौथ्या-पाचव्या क्रमांकावर धावत होत्या. दोघींचाही एकेक नट पिटमध्ये आट्यांवर वाकडा चढला आणि दोन्ही गाड्या शर्यतीबाहेर गेल्या. २०२१ मध्ये मोनॅकोला बोटासच्या मर्सिडीजचा नट इतका झिजला की चाक निघेचना. गाडी संघाच्या कारखान्यात नेऊन ते नंतर काढावं लागलं.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. वेळ वाचतो, हे खरं आहे. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने चारही चाकं १.८० सेकंदात बदलली आणि पाच नटांनी ते होणं शक्य नाही. पण तिथे प्रत्येक चाकामागे तीन माणसं असतात आणि हातात शर्यतीसाठीच बनवलेली, नट फिरवणारी गन असते. कसारा घाटात पंक्चर झाल्यावर तुमच्याकडे जॅक आणि एक पाना असतो. ६०० न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला साधारण ६१ किलोचा जोर. तोही नेमका हवा, म्हणजे तेवढा मोठा टॉर्क रेंच (ठरवलेल्या पिळाइतकंच आवळणारा पाना) हवा आणि चाक फिरू नये म्हणून गाडीत बसून ब्रेक दाबणारा दुसरा माणूस हवा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हे साहित्य नसतं.

सगळ्यात घातक आहे ते किट. यात नेमकं काय असतं ते कुणीच सांगत नाही. एक जाड ॲडॅप्टर असतो, तो तुमच्या गाडीच्या त्याच चार स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर) त्याच चार नटांनी बसतो. त्याच्यावर नवीन चाक आणि त्यावर मोठा नट. म्हणजे चार नट कुठेही गेले नाहीत. ते आता चाकाआड लपले आणि त्यांच्यावर आणखी एक जोड आला. नट तपासायचे तर आधी मोठा नट खोलून चाक उतरवावं लागणार. वजन वाढलं. चाक बाहेरच्या बाजूला सरकलं, त्यामुळे बेअरिंगवर आणि स्टडवर गाडी बनवताना न धरलेला ताण आला. ॲडॅप्टर कुठल्या धातूचा आहे, त्यावर कसली चाचणी झाली, हे जाहिरातीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. भाच्याला मी एवढंच म्हटलं, "हे लावून तू घाटात बहिणीला शेजारी बसवून नेणार आहेस."

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर असला ॲडॅप्टर बघेल तेव्हा दावा अडायला त्याला कारण मिळेल.

नुसती सेंटर लॉकसारखी दिसणारी प्लास्टिकची टोपी लावायची असेल तर तिचं भय नाही, फक्त ती घट्ट बसलीय ना ते बघा. ॲडॅप्टर आधीच बसवला असेल तर तो उतरवा, स्टडचे आटे आणि नटांच्या कडा तपासून घ्या, मूळ चाकं लावा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचने तिरक्या क्रमाने नट आवळा. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा आवळून बघा.