अराज्यवाद हा केवळ गोऱ्यांचा विचार आहे काय?

गेले काही महिने एक मजकूर पुरोगामी वर्तुळांत हातोहात फिरतो आहे. पुण्यातील आमच्या अभ्यासवर्गाने अराज्यवाद, वंशभेद आणि मुक्ती हा विषय वाचायला घेतला, तेव्हा निदान चार जणांनी तो आमच्याकडे पाठवला आणि त्यांतील दोघे आमचे जुने स्नेही आहेत. त्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: अराज्यवाद म्हणजे अराजक आणि बाँब, तो युरोपातील गोऱ्या पुरुषांनी काढलेला विचार आहे, वर्ग संपला की वंशभेद आणि जात आपोआप संपतील, यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नाही, असल्या विषयांवरचे अभ्यासवर्ग म्हणजे पोट भरलेल्यांच्या गप्पा, आणि बाबासाहेबांनी १९४९ मध्येच हा विचार निकालात काढला आहे. यांतला शेवटचा मुद्दा गंभीर आहे, मात्र मजकूर लिहिणाऱ्याने तो ज्या कारणासाठी मांडला त्या कारणासाठी नव्हे. म्हणून तो शेवटीच घेतो.

पहिला आक्षेप शब्दाचा आहे आणि त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. राजा नसलेल्या देशात मोठा मासा लहान माशाला गिळतो हे महाभारताच्या शांतिपर्वाने सांगून ठेवले आहे, आणि ‘अराजक’ हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे ते भय घेऊनच फिरतो. अराज्यवादाचा प्रश्न वेगळा आहे. एका माणसाने दुसऱ्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार कोठून येतो, आणि त्या अधिकारावाचून परस्परसहकार्याने समाज चालवता येईल का, असे तो विचारतो. या नावाने काहींनी बाँब टाकले हे खरे आहे. पण ज्याने बाँब टाकला तो अराज्यवादी, हे समीकरण सरकारांनी रूढ केले. आपण ज्याला रौलट कायदा म्हणतो त्याच्या अधिकृत नावातच ‘अराजकी’ हा शब्द क्रांतिकारी गुन्ह्यांच्या जोडीला बसवलेला होता, आणि तो कायदा ज्यांच्यासाठी केला गेला त्यांतील बहुतेकांना स्वतःचे राज्य हवे होते, राज्यसंस्थेचा अंत नव्हे.

दुसऱ्या आक्षेपात एक सत्य दडलेले आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. अराज्यवादाचे आद्य युरोपीय विचारवंत प्रूदाँ आणि बाकुनिन या दोघांच्याही लिखाणात ज्यूद्वेष आहे. तो ओझरता नाही, आणि ‘त्या काळी सगळेच तसे होते’ असे म्हणून तो झाकताही येत नाही. परंतु एखाद्या विचाराच्या दोन आद्य पुरुषांचे पूर्वग्रह म्हणजे तो सारा विचार, असे मानायचे ठरवले तर पाठीमागे फारसे काहीच उरणार नाही. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी हा विचार युरोपाबाहेर ज्या वेगाने पसरला त्याची या मजकुरात दखलच नाही. जपानमध्ये अराज्यवादी कोतोकु शूसुई यांना जानेवारी १९११ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात फाशी झाली. कोरियाचे इतिहासकार शिन चे-हो जपानी सत्तेविरुद्ध लढताना अराज्यवादाकडे वळले आणि १९३६ मध्ये तुरुंगात वारले. लाला हरदयाळ सॅन फ्रान्सिस्कोत औद्योगिक कामगारांच्या जागतिक संघटनेच्या (आय.डब्ल्यू.डब्ल्यू.) शाखेचे चिटणीस होते. १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली ती त्यांच्या आणि वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांच्यासारख्यांच्या हातून. १९१४ मध्ये अमेरिकी सरकारने हरदयाळांना पकडले तेही अराज्यवादी परदेशीयांना देशाबाहेर ठेवणाऱ्या कायद्याच्या आधारे. मद्रासचे एम. पी. टी. आचार्य १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होते. पुढे ते अराज्यवादी झाले आणि १९५४ मध्ये मुंबईतच वारले. मुंबईकरांना त्यांचे नावही ठाऊक नसावे, याला गोरे जबाबदार नाहीत.

कानेको फुमिको हिचे उदाहरण मला या संदर्भात सर्वांत बोलके वाटते. सप्टेंबर १९२३ मध्ये तोक्योच्या परिसरात मोठा भूकंप झाला, कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत अशी अफवा उठली, आणि जमावांनी, काही ठिकाणी पोलीस व सैनिकांनीही, हजारो कोरियनांना ठार मारले. त्याच गदारोळात फुमिको आणि तिचा कोरियन सहचर पाक योल यांना अटक झाली. १९२६ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, मग ती जन्मठेपेवर आणली गेली, तेव्हा जपानी असलेल्या या तरुणीने सम्राटाच्या दयेचा कागद फाडून टाकला आणि त्याच वर्षी तुरुंगात तिचा अंत झाला. वंशद्वेषाच्या ऐन वणव्यात सत्ताधारी वंशाच्या बाजूला उभे राहण्याचे तिने नाकारले, आणि हे तिने ज्या विचाराच्या आधारे केले त्या विचाराला वंशभेदाशी देणेघेणे नाही असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र पुरावा आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला तो सापडलेला नाही. म्हणून मीच देतो. शिकागोच्या ल्यूसी पार्सन्स यांचा जन्म गुलामगिरीत झाला, त्यांचे पती अल्बर्ट यांना हेमार्केट प्रकरणात, म्हणजे शिकागोतील कामगारांच्या सभेत बाँब फुटल्याच्या खटल्यात, १८८७ मध्ये फाशी झाली, आणि स्वतः त्या पुढे अर्धशतक कामगार चळवळीत राहिल्या. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची कत्तल झाली तेव्हा १८८६ मध्ये त्यांनी लिहिले की हे अत्याचार ते काळे आहेत म्हणून नव्हे, तर गरीब आहेत म्हणून होतात. हे चूक होते. गरीब गोऱ्याला त्या काळी जमाव कशामुळे सोडून देई, याचे उत्तर त्या विधानातून मिळत नाही, आणि आपल्याकडे जातीला निव्वळ वर्गात मोजणारे जी चूक करत आले तीच ही चूक आहे.

पण चळवळ तेथेच थांबली असती तर हा आक्षेप टिकला असता. १९१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या गोदीत सुमारे चार हजार कामगारांनी संप केला आणि वर उल्लेखिलेल्या जागतिक कामगार संघटनेची शाखा तेथे उभी राहिली. ही संघटना काटेकोर अर्थाने अराज्यवादी नव्हती, तरी थेट कृतीचा आग्रह आणि वरून हुकूम सोडणाऱ्या नेतृत्वाविषयीचा संशय या दोन्ही गोष्टी तिने त्याच परंपरेतून घेतल्या होत्या. मालक काळ्या आणि गोऱ्या हमालांच्या टोळ्या मुद्दाम वेगवेगळ्या ठेवत आणि एकमेकांविरुद्ध वापरत. शाखेने त्या टोळ्याच एकत्र केल्या. म्हणजे वंशभेद वर्गलढ्यानंतर पाहू असे तेथे कोणी म्हटले नाही, कारण टोळ्या वेगळ्या असताना संप टिकणारच नव्हता. शाखेचे कृष्णवर्णीय नेते बेन फ्लेचर यांना १९१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि या संघटनेवर शिकागोत चाललेल्या त्या प्रचंड खटल्यातील शंभरेक आरोपींमध्ये ते एकटेच काळे होते.

यापुढचा टप्पा आपल्या वाचकांना अर्धाच माहीत आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि तिने नाव व स्फूर्ती अमेरिकेच्या ब्लॅक पँथर पक्षाकडून घेतली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो पक्ष फुटल्यावर त्यातील काही जण कोठे गेले, हे आपण विचारत नाही. कुवासी बलागून, अशांती ऑल्स्टन आणि लोरेन्झो कोम्बोआ एर्विन हे तिघेही पँथर, तिघांनीही तुरुंग भोगला, आणि तिघेही अराज्यवादी झाले. बलागून तर १९८६ मध्ये कैदेतच एड्सने वारले. आदेश वरून येत राहिले आणि वरचे नेते एकमेकांशी भांडू लागले की तळाची शाखा पंगू होते, हा त्यांचा अनुभव होता. राज्यसंस्थेवर केलेली टीका आपल्याच संघटनेला लावून पाहिल्यावर ते या विचारापर्यंत पोहोचले. वंशभेद ही गोऱ्या सत्तेची स्वतंत्र यंत्रणा आहे, ती वर्गात विरघळत नाही, हे त्यांनी गोऱ्या अराज्यवाद्यांना फटकारून सांगितले. १९७४ मध्ये ढसाळ आणि ढाले वेगळे झाले तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती मार्क्स की आंबेडकर अशी; दोन नेत्यांचे पटले नाही म्हणून वस्तीवस्तीतील छावण्यांनी, म्हणजे पँथरच्या शाखांनी, का कोसळावे, हा प्रश्न मागेच राहिला.

आता अभ्यासवर्गांविषयी. पोट भरलेल्यांच्या गप्पा हा टोमणा आम्हाला लागू पडतही असेल. आमच्यापैकी बहुतेकांना महिन्याचा पगार मिळतो आणि चहाबरोबर बहुधा काहीतरी खायलाही असते. पण ज्या परंपरेविषयी आपण बोलतो आहोत ती तुरुंगातील वाचनातून घडली आहे. मार्टिन सॉस्ट्रे हे हार्लेममध्ये जन्मलेले पोर्तो रिकन वंशाचे कृष्णवर्णीय गृहस्थ. पहिल्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी बफलो शहरात पुस्तकांचे दुकान काढले, आणि मुले तेथे येऊन बसत, वाचत, वाद घालत. १९६७ च्या उन्हाळ्यात शहरात उठाव झाला, त्यानंतर पोलिसांनी सॉस्ट्रे यांना मादक द्रव्ये विकल्याच्या आरोपाखाली पकडले आणि त्यांना ४१ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. मुख्य साक्षीदाराने पुढे आपली साक्ष खोटी असल्याचे सांगितले; सुटका व्हायला तरी १९७६ साल उजाडले. मधल्या काळात त्यांना ३७२ दिवस एकांत कोठडीत ठेवले गेले. त्याविरुद्ध त्यांनी दावा लावला आणि १९७० मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉट्ली यांनी त्यांना १३,०२० डॉलर भरपाई मंजूर केली. वरच्या न्यायालयाने त्या निकालाला पुढे बरीच कात्री लावली, तरी कैद्याला मनमानी शिक्षा देता येणार नाही, हे तत्त्व त्यातून रुजले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय बंदीगृहात विमान पळवून क्यूबाला नेल्याच्या प्रकरणातला एक तरुण कैदी त्यांना भेटला. तो एर्विन. अराज्यवादाचा पहिला धडा त्याने सॉस्ट्रे यांच्याकडे गिरवला. पोट भरलेले त्या खोलीत कोणी नव्हते.

राहिला बाबासाहेबांचा मुद्दा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी ‘अराजकाचे व्याकरण’ म्हटले ते रक्तरंजित मार्गांना, तसेच कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांनाही, आणि तेही संविधानिक मार्ग उपलब्ध झाल्यानंतरच्या काळापुरते. ते मार्ग नव्हते तेव्हा अशा पद्धतींना समर्थन होते, हेही त्यांनी तेथेच सांगितले. अराज्यवाद या तत्त्वज्ञानाचा तेथे विचारच नाही, त्यामुळे त्यांनी तो निकालात काढला असे म्हणता येत नाही.

खरा आक्षेप एक वर्ष आधी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, येऊन गेला होता. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे, असे त्यांनी त्या दिवशी संविधान सभेत बजावले. ज्या लहान, स्वयंपूर्ण, शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या समूहावर अराज्यवाद आशा ठेवतो, तोच समूह दलितासाठी तुरुंग आहे, असा त्याचा अर्थ होतो. महाडची आठवण येथे दोन्ही बाजूंनी कामाची आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला होता, महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता, तरी चवदार तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ ला लोक स्वतः चालत गेले तेव्हा ते पाणी प्याले. राज्यसंस्थेचा कागद पुरेसा नव्हता, हे आमचा अभ्यासवर्ग येथे आनंदाने अधोरेखित करतो. पण नंतर दहा वर्षे बाबासाहेब न्यायालयात लढत राहिले आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मिळाला, हे अधोरेखित करताना आमची पेन्सिल जरा अडखळते.

फिलाडेल्फियाच्या गोदीत काळे कामगार संख्येने भरपूर होते आणि गोऱ्यांना त्यांच्यावाचून संप जिंकता येत नव्हता. गावात दलितांची घरे थोडी असतात, आणि बहिष्कार घालणारा हाच जमिनीचा, दुकानाचा आणि रस्त्याचा धनी असतो. महाडला हजारो जण एकत्र होते तोवर तळ्याकडे जाणारी रांग कोणी अडवली नाही. मार बसला तो सभा संपून माणसे पांगल्यावर, आणि मग आपापल्या गावी परतल्यावर, ज्यांच्या शेजारी ती पिढ्यानपिढ्या राहत आली होती त्यांच्याच हातून.