माझं वजन आणि विमानाचं तेल

नागपूरहून पुण्याला विमान गेलं, मी नाही गेली, मूळ गोष्ट एवढीच. आर्णी तालुक्यात त्या रात्री असा पाऊस बदाबदा कोसळला की सकाळी नाल्याच्या पुलावरून पाणी, पलीकडे गाडी, अलीकडे मी आणि माझी पंधरा किलोची बॅग. पाणी उतरून मी वाटेतल्या कळंबला पोचते तोवर तिकडे नागपूरला विमानतळावरचा काउंटर बंद झालेला. बॅगेत पोरीसाठी तूरडाळ, तिखट, कुरड्या, सरगुंडे, घरच्या काट्यावर तोलून तोलून बरोबर पंधरात बसवलेलं, दोनदा कुरड्यांची पिशवी आत, दोनदा बाहेर. ते सरगुंडे मग आम्हीच आठवडाभर खाल्ले, ते जाऊ द्या.

तिकीट ५,८४० रुपयांचं. पोरगी फोनवर म्हणे, आई, नो शो झाला तुझा, आता फक्त टॅक्स परत मिळेल, पण तो सोडू नको. म्हणून मी जिथून तिकीट काढलं होतं त्या ऑनलाइन सेंटरवर गेली. सेंटरवाला माझाच विद्यार्थी. चौथीत पाढे म्हणायला उभं केलं की याला हमखास तहान लागायची. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणतो, "मॅडम, याच्यात काही येत नाही, सोडून द्या."

पण मी वाचून गेली होती ना! डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, तिकीट वापरलं नाही, नो शो झाला, ऑफरमधलं तिकीट असो की बेसिक भाडं परत न मिळणारं असो, सरकारी टॅक्स आणि विमानतळाचा यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरायची फी, परत द्यावाच लागतो, आणि तो परत करायची वेगळी फी एअरलाइनला घेता येत नाही. आणि ते पैसे पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवायचे की रोख घ्यायचे हे मी ठरवणार, त्यांनी नाही. हे मी त्याला फळ्यासमोर उभी राहून सांगावं तसं सांगत होती आणि तो मान हलवत होता, चौथीत हलवायचा तश्शीच.

बाजूच्या स्टुलावर एक काकाजी बसले होते. पीक विम्याच्या भानगडीसाठी आले होते आणि त्यांचा अंगठा लागत नव्हता. जन्मभर डवरणी केलेला अंगठा, रेघा पार घासून गेलेल्या. ते अंगठा डोक्याच्या तेलकट केसावर घासायचे, मशीनवर ठेवायचे, मशीन लाल, पुन्हा केसावर. असं चालू असताना मध्येच थांबून मला विचारतात,

"मॅडम, इमान गेलं का नाई मंग?"

"गेलं ना."

"अन तुमची शिट?"

"रिकामी गेली असंल."

काकाजींचा अंगठा केसातच राहिला. "म्हंजे तुमाले न्या लागलं नाई त्यायले. तेल वाचलं ना बाप्पा त्यायचं! वजन किती हाय तुमचं?"

सेंटरात सात माणसं होती. सातबारावाले, आधारवाले, एक नुसताच पंख्याखाली बसलेला. सगळ्यांचे मोबाइल एकदम खाली झाले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, घरातल्या माणसाची तर हिंमतच नाही.

"काकाजी, त्याचा काय संबंध?"

"काऊन नाई? आमचा मेटॅडोर कापूस भरून यवतमाळले जाते तं तेल येगळं, खाली येते तं येगळं. तुमी तं थैलीसकट चढल्याच नाई. त्या तेलाचे पैसे कोनाचे, सांगा बरं?"

आता हसू नका, पण मी गप्प झाली. कारण नियमात हेही आहे की कॅन्सलेशनचा चार्ज बेसिक भाडं अधिक फ्युएल सरचार्ज, म्हणजे तेलाचा जादा आकार, याच्या वर जाता कामा नये. म्हणजे तिथपर्यंत जाऊ शकतो! मी बसलीच नाही त्या विमानाच्या तेलाचे पैसेसुद्धा ते ठेवू शकतात, आणि हे मला दोन रात्री जागून कळलं नव्हतं, काकाजींना अंगठा घासता घासता कळलं.

तेवढ्यात काकाजींनी मला वरून खाली एकदा पाहून घेतलं, बैलबाजारात पाहतात तसं. "सत्तरच्या खाली नाई."

"बहात्तर," पंख्याखालचा म्हणाला. याचं तर काही कामही नव्हतं तिथं.

"समोर धान्यवाल्याकडे काटा आहे मॅडम," माझा विद्यार्थी.

"अडुसष्ट!" मी ओरडली. ओरडली आणि मग कळलं की काय करून बसली.

"अडुसष्ट अन थैलीचे पंधरा, त्र्याऐंशी. लिव बे पोट्ट्या, अर्जात लिव." आणि त्या गाढवाने खरंच लिहिलं. रिमार्कच्या चौकटीत, पॅसेंजर आणि बॅग मिळून ८३ किलो, नेले नाहीत. मी दिसेपर्यंत सबमिट झालं होतं.

तीन दिवसांनी उत्तर आलं, प्रिय ग्राहक, जादा सामानाचं शुल्क परत मिळत नाही, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.

हे काय आहे? तिकीट काढताना चार मिनिटांत पैसे कापले तेव्हा सगळं समजत होतं यांना, माझं नाव, वय, मधल्या सीटचे जास्तीचे पैसे. परत द्यायची वेळ आली की वाचतासुद्धा येत नाही. काकाजींचंही तेच, पिकाचं नुकसान ७२ तासांत कळवा म्हणे, कळवलं त्यांनी, फोटोसकट. त्यांचे ७२ तास मोजले, तिकडचे कोण मोजतं?

मग पुन्हा अर्ज, तीन वेळा कस्टमर केअर, आणि घरात रेंज नाही म्हणून तोही गच्चीवर उभी राहून. शेवटी ६४२ रुपये आले. माझ्याकडे नाही, सेंटरवाल्याच्या वॉलेटमध्ये, कारण तिकीट त्याच्या आयडीवरून. त्यातले ३५० बुकिंगच्या अ‍ॅपवाल्याने सेवा शुल्क म्हणून ठेवून घेतले. सेवा! उरले २९२. "झेरॉक्सचे तुमच्याकडून घेत नाही मॅडम," पोरगा म्हणाला, आणि तीनशे रुपये पुढे धरून आठ रुपये सुटे आहेत का म्हणून मलाच विचारलं.

काकाजींचा विमा अजून आला नाही. अंगठा तेवढा लागला, डाव्या हाताचा. पण दर बाजाराच्या दिवशी ते मला कांद्याच्या ढिगाऱ्याच्या पलीकडून हाक मारतात, "ओ मॅडम, अडुसष्टचे आले का?" आणि वांगे तोलणारी बाई काटा धरून माझ्याकडे पाहत राहते.