"आधी कलर, मग स्मूदनिंग, म्हणजे कलर लॉक होतो" हे कोणी सांगितलं?

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार जणींनी पाठवलाय आणि चौघींचा प्रश्न एकच, हे खरं आहे का गं. मजकूर थोडक्यात असा: कलर आणि स्मूदनिंग एकाच दिवशी उरकून घ्या, आधी कलर आणि त्यावर स्मूदनिंग, म्हणजे कलर आत लॉक होऊन दुप्पट टिकतो. नंतर करायचा असेल तर पंधरा दिवस थांबा, मग हायलाइट्ससुद्धा बिनधास्त. अमोनिया फ्री कलर असेल तर तेवढंही थांबायला नको. मेंदी तर नॅचरल, ती कधीही लावा. आणि केराटिन म्हणजे प्रोटीनच, त्यामुळे ब्लीचने खराब झालेले केस उलट भरून निघतात.

अकरा वर्षं खुर्चीच्या मागे उभं राहून मी हेच काम करते, त्यामुळे एकेक घेतेच आता.

पण त्याआधी एक. "स्मूदनिंग" म्हणजे नेमकं कुठलं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एका प्रकारात क्रीम लावतात, केस नरम पडले की धुतात, वाळवून प्रेसिंग करतात आणि मग वरून न्यूट्रलायझर लावतात. रिबाँडिंग यातलंच, आणि स्मूदनिंग नावाने जे करतात त्यातलं बरंचसं याच घरातलं, जरा सौम्य. यात बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट असतं, ते केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडतं आणि न्यूट्रलायझर, म्हणजे बहुतेकदा हायड्रोजन पेरॉक्साइड, ते नव्या सरळ आकारात परत जोडतं. दुसरा प्रकार केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टी अशा नावांनी येतो (बोटॉक्समध्ये बोटॉक्स नसतं, नाव आपलं खपायला). तिथे औषध केसांवरच वाळवतात आणि 200 ते 230 डिग्रीवर एकेक बट घेऊन स्ट्रेटनिंगचं मशीन फिरवतात, न्यूट्रलायझर नसतो. त्यात काम करणारं असतं ते फॉर्मल्डिहाइड सोडणारं एखादं रसायन नाहीतर ग्लायॉक्झिलिक अ‍ॅसिड. पहिला प्रकार केस वाढून कापले जाईपर्यंत राहतो, दुसरा काही महिन्यांत उतरतो. तुमचं कुठलं झालंय ते आठवत नसेल तर न्यूट्रलायझर लावला होता का एवढं सलॉनला विचारा, लगेच कळतं.

आता मेसेज.

"आधी कलर केला की स्मूदनिंगने तो लॉक होतो." हे मी स्वतः खरं मानत होते हो, म्हणूनच जास्त चिडून लिहितेय. काम शिकून वर्षच झालं होतं, मावसबहिणीला अ‍ॅश ब्राऊन हवा होता, सकाळी कलर केला, सुंदर आला, थंड, धुरकट तपकिरी, अगदी कॅटलॉगमधला. दुपारी त्यावर केराटिन. मानेजवळची पहिली बट घेतली, मशीन एकदा वरून खाली फिरवलं, आणि जिथून मशीन गेलं तिथे तांब्यासारखी झाक, आणि क्लिपखाली दबलेला बोटभर भाग मात्र अजून अ‍ॅश. मधे रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी. मला आधी वाटलं ट्यूबलाइटचा उजेड असेल, म्हणून बट धरून खिडकीपाशी वळवली तिला, तर तिथे अजूनच तांबडी. तोवर ती आरशात बघून म्हणतेय, ताई, कलर वेगळा दिसतोय का गं? आणि मी म्हणतेय, ओला आहे ना अजून. ओला कसला, 230 डिग्रीचं मशीन फिरलं होतं त्यावरून.

झालं काय होतं ते मला नंतर कळलं. पर्मनंट कलरचे छोटे कण केसात शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे आतल्या आत एकमेकांना जोडून मोठे होतात, म्हणून ते धुतले जात नाहीत. हेच त्यांचं लॉक, आणि ते कलर करतानाच लागलेलं असतं, वरून दुसरं कुलूप कोणी लावत नाही. उलट ग्लायॉक्झिलिक अ‍ॅसिडवालं औषध इतकं आंबट असतं की पीएच बऱ्याचदा 2 च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाएवढा, त्यावर ती उष्णता, या दोन्हीत रंगाचे कण मोडतात. शेड एक ते दोन लेव्हल (गडदपणाच्या पायऱ्या) उतरते, आणि थंड टोन आधी जात असल्यामुळे मागे उरतो तो खालचा तांबूस-पिवळा. थायोवाल्या प्रकारातही तेच, रस्ता फक्त वेगळा: थायो रंग फिका करतं, उरलंसुरलं न्यूट्रलायझरमधलं पेरॉक्साइड काढतं, आणि पहिल्या धुण्याला बेसिनमध्ये तपकिरी पाणी वाहताना दिसतं. पांढरे केस झाकायला कलर केला असेल तर आणखी एक, तापलेल्या मशीनने पांढरा केस पिवळट पडतो आणि रंग उतरला की तो पिवळेपणा उघडा पडतो.

मग ही लॉकची कल्पना आली कुठून? ती हवेतून नाही आली. काही कंपन्या खरंच सांगतात की कलर आधी करा, त्याच दिवशीसुद्धा चालेल. कारण ट्रीटमेंटनंतर केसावर थर असतो, त्यावर लगेच कलर केला तर कुठे घेतो कुठे नाही, आणि कलरमधला अल्कली (अमोनियासारखं, केस फुगवणारं रसायन) तो थर लवकर उतरवतो, म्हणजे ट्रीटमेंटचे पैसे पाण्यात. पण त्याच सूचनांमध्ये पुढे असतं की शेड फिकी होणार हे धरून एक लेव्हल गडद निवडा. मेसेज फॉरवर्ड होताना ही अर्धी ओळ गळून पडली, आणि उरलं ते लॉक. तुमच्या ट्रीटमेंटच्या कंपनीची सूचना तशी असेल तर जरूर तसं करा, फक्त हव्या त्या शेडमध्ये कलर करून वर ती तशीच राहील अशी आशा धरू नका.

एकाच दिवशी नको म्हणायला माझं दुसरंही कारण आहे, टाळू. नुकताच कलर धुतलेला टाळू बऱ्याच जणींचा चुरचुरत असतो, त्यावर लगेच अ‍ॅसिड आणि वाफ. रात्री खाज सुटली, पुरळ आलं, तर कशाने आलं ते डॉक्टरलाही सांगता येणार नाही, कलरमधल्या पीपीडीची (गडद रंग देणारं रसायन) अ‍ॅलर्जी की ट्रीटमेंटचं औषध. आणि हे औषध काही गुलाबपाणी नाही. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करणाऱ्या गटात आहे, आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, ब्राझिलियन ब्लोआउट या केराटिन ट्रीटमेंटच्या उत्पादकाला ताकीदपत्र पाठवलं होतं, लेबलवर फॉर्मल्डिहाइड फ्री आणि बाटलीत मिथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच. त्यावर उपाय म्हणून आलेल्या ग्लायॉक्झिलिक अ‍ॅसिडबद्दल 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका 26 वर्षांच्या बाईचं प्रकरण छापून आलं, तीनदा ट्रीटमेंट केली आणि तिन्ही वेळा किडनीला इजा, आणि करताना टाळूची आग झाली होती. घाबरवायला नाही सांगत, मी स्वतः ही ट्रीटमेंट करते. पण आधीच लाल झालेल्या टाळूवर ती करत नाही आणि मुळांपासून बोटभर सोडून लावते.

"पंधरा दिवसांनी हायलाइट्ससुद्धा बिनधास्त." पंधरा दिवस हा आकडा साध्या कलरसाठी ठीक आहे. मुळांचा टचअप, सेम शेड नाहीतर गडद शेड, डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड) 6 टक्के नाहीतर त्याखाली, तर दोन आठवड्यांनी करा, मीही तसंच करते. हायलाइट्स म्हणजे ब्लीच, आणि ब्लीचला मात्र हा हिशोब लागूच होत नाही. लोकांना वाटतं पंधरा दिवसांत केस सावरतो. अहो, तो जिवंत थोडाच आहे सावरायला? डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याला पंधरा दिवस द्या नाहीतर पंधरा महिने, जे बंध तुटले ते तुटले. रिबाँडिंगमध्ये आधीच एकदा तोडून जोडलेत, सगळे परत जुळतातच असं नाही, आणि ब्लीच त्यांना असं ऑक्सिडाइज करतं की नंतर ते जोडलेच जात नाहीत. म्हणून थांबायचं असेल तर नवीन केस येईपर्यंत थांबायचं, आणि केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 30 सेंटिमीटर लांबीचे केस पूर्ण नवे यायला दोन ते अडीच वर्षं. घ्या तुमचे पंधरा दिवस.

घरी बघायचंच असेल तर कानामागचा एक केस ओला करा आणि दोन्ही टोकं धरून हळूच ताणा. चांगला केस थोडा लांबतो आणि सोडला की मागे येतो. खराब झालेला च्युइंगमसारखा लांबतच जातो, मधे बारीक पांढरट होतो आणि तुटतो, नाहीतर ताणलेला तसाच लोंबत राहतो. असा केस घेऊन हायलाइट्स मागायला आलेल्या बाईला मी परत पाठवते आणि ती दुसरीकडे जाऊन करून घेते, ते माझ्या हातात नाही. रिबाँडिंगच्या केसांवर मी ब्लीच करत नाही, विषय संपला. केराटिनवालं करायचं असेल आणि हायलाइट्सही हवेत, तर हायलाइट्स आधी, मधे निदान दोन आठवडे, आणि टोनर (ब्लीचनंतर झाक सुधारणारा हलका रंग) ट्रीटमेंटनंतर दोन आठवड्यांनी, कारण आधी लावलेला टोनर मशीनखाली उडणारच.

"अमोनिया फ्री असेल तर टायमिंग बघायला नको." अमोनियाच्या जागी बहुतेक वेळा मोनोइथेनॉलअमाइन असतं, ते उडत नाही म्हणून वास येत नाही, इतकंच. अल्कली आहेच, पेरॉक्साइड आहेच. नाकाला कळलं नाही म्हणून केसाला कळत नाही असं नसतं.

"मेंदी कधीही." इथे जरा थांबा. शुद्ध मेंदीतला लॉसोन, म्हणजे तिचा रंग देणारा घटक, केसाच्या प्रोटीनला चिकटतो आणि जात नाही, थरावर थर चढतात, आणि मग ट्रीटमेंट कुठे लागते कुठे नाही. ट्रीटमेंटवर लगेच मेंदी थापून दोन-तीन तास ठेवली की तीही धड चढत नाही, वर ती खसाखसा धुवून काढताना ट्रीटमेंटही उतरते. पण मला खरी भीती वाटते ती काळी मेंदी नाहीतर झटपट मेंदी म्हणून मिळते तिची. त्यात कधी पीपीडी असतं, कधी धातूंचे क्षार. क्षार असलेल्या केसांवर पेरॉक्साइड पडलं, म्हणजे कलर म्हणा, ब्लीच म्हणा, न्यूट्रलायझर म्हणा, की केस हाताला गरम लागायला लागतो, कधी हिरवट होतो, कधी तुटून हातात येतो. त्यामुळे मेंदी लावत असाल तर सलॉनमध्ये लपवू नका. बऱ्याच जणी लपवतात, का ते मला आजवर कळलेलं नाही, आम्ही काय रागावणार आहोत? फणीला अडकलेले चार केस पेरॉक्साइड आणि थेंबभर अमोनियात अर्धा तास बुडवून ठेवले की उत्तर मिळतं.

"केराटिन म्हणजे प्रोटीन, ब्लीचचे केस भरून निघतात." बाटलीवर केराटिन लिहिलंय आणि आत ते थोडंफार असतंही, तुकडे केलेलं. ते केसावर बसतं, हाताला गुळगुळीत लागतं. पण केस सरळ ठेवायचं काम ते करत नाही, ते अ‍ॅल्डिहाइड नाहीतर अ‍ॅसिड करतं आणि उष्णता. ब्लीचने पोखरलेल्या केसावरून 230 डिग्रीचं मशीन सहा-सात वेळा फिरवलं तर त्या दिवशी तो चमकतो हे खरं, काही महिन्यांनी थर उतरला की खाली आधीपेक्षा कोरडा केस असतो. अशा केसांवर करायचंच तर मशीन 180 वर, कमी वेळा, आणि आधी एक बट करून बघून.

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे: माझ्या वहिनीने दोन्ही एकाच दिवशी केलं, काही झालं नाही. नसेल झालं. वहिनींचा कलर काळा नाहीतर अगदी गडद तपकिरी असेल तर दोन लेव्हल उतरून सुद्धा तो गडदच दिसतो, नजरेला फरक कळत नाही. हाच प्रकार बर्गंडी नाहीतर अ‍ॅशवर करून बघायला सांगा त्यांना. आणि फोटो त्याच दिवशीचा, ब्लो ड्राय करून दिव्याखाली काढलेला नको, पाचव्या धुण्यानंतरचा उन्हातला पाठवा म्हणावं.

पांढऱ्या मुळांचं काय करायचं, दोन आठवडे कसे काढायचे, हे विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, ट्रीटमेंट आधी करा, मधले दिवस मुळांना लावायची पावडर नाहीतर स्प्रे वापरा, पंधरा-सोळाव्या दिवशी फक्त मुळांना कलर, लांबीला हात लावायचा नाही, आणि शाम्पू सल्फेट फ्री. कुठे जायचं असेल तर तारखेच्या महिनाभर आधी सुरुवात करा, आदल्या आठवड्यात दोन्ही उरकायचा घाट घालू नका.

मावसबहिणीचा अ‍ॅश परत यायला दोनदा टोनर लागला आणि तोही पहिल्यासारखा नाहीच आला. आजही खुर्चीत बसली की एप्रन बांधायच्या आधी विचारते, ताई, आज एकच करणार आहेस ना?