सतरा नंबरचं गाव

आबांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, "सभासद १०४३, गाव १७, माल ३." मग माझ्याकडे बघितलं. "काय रे भो, ही केळीची यादी आहे का जेलातली हजेरी?"

आबा म्हणजे आमच्या केळी विक्री संस्थेचे चेअरमन. मी कारकून, पण अडकलेला प्रिंटर मला सोडवता येतो, म्हणून संस्थेचं कॉम्प्युटर खातंही माझ्याच गळ्यात. सॉफ्टवेअरमधल्या तयार रिपोर्टांत नावं नीट येतात. आबांना मात्र त्यांच्या मनासारखा, गाववार आणि मालवार हवा होता. तो मी स्वतः बनवला, आणि त्यात नुसते आकडे उतरले.

पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्या पोराला फोन लावला. "सर, टेबलमध्ये आयडीच सेव्ह होतो. नाव मास्टरमध्ये असतं. तुम्ही जॉईन लावा." म्हणजे टेबलात नुसता नंबर, नावं मास्टर नावाच्या मूळ यादीत, आणि दोन्हींची जोडी लावायची ती जॉईनने. बोलायला काय जातं! पण त्याने कारण सांगितलं ते पटलं. गावाचं नाव एकदाच, एका जागी लिहायचं. बाकी सगळीकडे त्याचा नंबर. नाहीतर एक कारकून निंभोरा लिहितो, दुसरा निंभोरे, तिसरा निंबोरा, आणि कॉम्प्युटरच्या लेखी ती तीन गावं. या व्यवस्थेचा पाया आयबीएममधल्या एडगर कॉडने जून १९७० मध्ये घातला, म्हणजे आमच्याकडे मृगबागेची केळी लावायच्या दिवसांत. त्याच्या लेखाची सुरुवातच अशी, की मशीनच्या पोटात माहिती कशी रचलीय हे जाणून घ्यायची पाळी वापरणाऱ्यावर येऊ नये. कॉडसाहेब, त्या दिवशी आबांसमोर तुम्ही उभे असायला हवे होतात.

रात्री जेवून बसलो. साडेअकराला १७ च्या जागी 'ऐनपूर' उमटलं. बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "ऐनपूरच आहे ना? मग?"

सकाळी बेरीज लागेना. आधी २१४ ओळी होत्या, आता २०३. अकरा शेतकरी मालासकट गायब, आणि त्यात खुद्द आबा! ना एरर, ना सूचना. शोधता शोधता कळलं, की ज्याच्या गावाचा रकाना रिकामा, त्याला मास्टरमध्ये जोडी मिळत नाही आणि साधा जॉईन त्याला गुपचूप यादीबाहेर काढतो. आबांचा रकाना रिकामा का, हे विचारूच नका. चेअरमनला 'तुमचं गाव कोणतं' म्हणून कोण विचारणार?

"लेफ्ट जॉईन लावा, सर," पुण्याहून उपाय आला. म्हणजे डावीकडच्या टेबलातले सगळे राहणार, उजवीकडे जोडी मिळो न मिळो. नवरदेवाकडचे सगळे पंगतीला, नवरीकडचे आले तर आले. अकराही जण परत आले. त्यांच्या रिकाम्या रकान्यात 'गाव नोंदवलेलं नाही' असं येईल अशी सोय केली आणि आबांचं गाव आधी गुपचूप भरून टाकलं.

मालाच्या नंबरांची नावं मास्टरमध्येच नव्हती. ती मी भरली. १ नवती, २ पिलबाग, ३ कांदेबाग, ४ वापसी. पोराने पुण्यातूनच माझी स्क्रीन पाहिली आणि विचारलं, "सर, तुम्ही कांदेही घेता?" कांदेबाग हीसुद्धा केळीच, फक्त लागवडीचा हंगाम वेगळा, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. वापसीपर्यंत मी पोचलोच नाही.

दुपारी नवा कागद आबांपुढे ठेवला. आबा खूश. बोट खाली सरकत होतं ते एका ठिकाणी थबकलं. "वाघोदे बुद्रुक? असं कोण म्हणतं? मोठा वाघोदा लिही." लिहिलं. एकाच जागी बदललं आणि सगळ्या ओळींत बदललं. कॉडला मनातल्या मनात रामराम केला.

बोट पुन्हा निघालं आणि तीन पाटलांवर येऊन थांबलं. नाव एकच, वडिलांचं नाव एकच, गावही एकच.

"यातला विहिरीवाला कोणता? त्याची उचल कापायचीय."

मी तिन्ही ओळींकडे बघत राहिलो. गावात विचारलं तर शेंबडं पोरही सांगेल: एक विहिरीवाला, एक मास्तरांचा, एक डीपीजवळचा. पण विहीर काही टेबलात नव्हती. आणि नंबराचा रकाना मी आदल्या रात्री मोठ्या हौसेने काढून टाकला होता.

"अरे, मग नावापुढे काहीतरी नंबर टाक ना!" आबा कावले. "एवढं साधं कळत नाही?"

काढलेला रकाना आता परत कसा आणायचा, ते काही सापडेना. पुन्हा पुण्याला फोन. पोराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सभासदाचा आयडी हवाय का, सर?" तो म्हणाला. "तो तर आधी येतच होता."