फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका सल्ल्याचा आशय असा: विंडोजवर डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट नाहीशी होत असेल, तर मशिनमध्ये व्हायरस शिरलाय. कमांड देऊन बिनच उडवा. तरी नाही जमलं तर फॉरमॅट मारा, आणि गेलेल्या फाइलींसाठी मग रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका. हा सल्ला ऐकून लोक परत मिळू शकल्या असत्या अशा फाइली स्वतःच्या हाताने घालवतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

«व्हायरसच आहे.» बहुतेक वेळा नसतो. आधी एक चाचणी करा. डेस्कटॉपवरच्या बिनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तळाच्या ‘डिस्प्ले डिलीट कन्फर्मेशन डायलॉग’ या चौकोनात टिक करून ओके. विंडोज ८ पासून ही विचारणा मुळात बंदच असते, त्यामुळे फाइल कुठे गेली हे कळतच नाही. आता प्रत्येक ड्राइव्हवर एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवून ती डिलीट करायला घ्या. खिडकीत ‘मूव्ह टू द रिसायकल बिन’ असं आलं तर सगळं ठीक. ‘परमनंटली डिलीट’ आलं तर ‘नो’ दाबा आणि ते कोणत्या ड्राइव्हवर आलं ते लिहून ठेवा. अर्धं निदान इथेच होतं.

एकाच ड्राइव्हवर आलं, तर दोष सेटिंगचा. डेस्कटॉपवर बिन एकच दिसतो, पण प्रत्येक ड्राइव्हवर त्याचा वेगळा लपलेला फोल्डर असतो आणि सेटिंगही वेगळं असतं. प्रॉपर्टीजमधल्या यादीत तो ड्राइव्ह निवडा. खाली ‘डोन्ट मूव्ह फाइल्स टू द रिसायकल बिन’ हा पर्याय निवडलेला दिसेल. त्याऐवजी ‘कस्टम साइझ’ निवडा, आकडा द्या, अप्लाय करा. लोक सी ड्राइव्ह दुरुस्त करून थांबतात आणि फोटो असतात डीवर.

हा आकडा एमबीमध्ये असतो, तोही नीट बघा. बिनची मर्यादा २,००० एमबी आणि लग्नाचा व्हिडिओ ४ जीबीचा असेल, तर तो बिनमध्ये मावणारच नाही. विंडोज तसं सांगून कायमचं डिलीट करू का असं विचारतं, आणि आपण सवयीने ‘येस’ दाबतो. फोल्डरात फोल्डर घालून पाथ (फाइलीचा पूर्ण पत्ता) फार लांबला तरी हीच विचारणा येते.

सगळ्याच ड्राइव्हवर ‘परमनंटली’ येत असेल, तर पहिला संशय कीबोर्डावर घ्या. शिफ्ट धरून डिलीट केलं की बिन वगळला जातो. डावी शिफ्ट खाली अडकली असेल, किंवा स्टिकी कीज (शिफ्टसारखी कळ धरून न ठेवताही ती दाबलेली मानणारी सोय) चालू असताना शिफ्ट दोनदा दाबून लॉक झाली असेल, तर माउसने केलेलं डिलीटही कायमचं ठरतं. नोटपॅडमध्ये वरच्या ओळीतला १ दाबा. इंग्रजी कीबोर्डावर उद्गारचिन्ह उमटलं तर शिफ्ट अडकलीय. कॅप्स लॉकमुळे आकडा बदलत नाही. इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करणाऱ्यांना ‘क’च्या जागी ‘ख’ येताना दिसेल. दुसरा कीबोर्ड जोडून पाहिला की खात्रीच होते.

शिफ्ट मोकळी असेल तर ग्रुप पॉलिसी, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायची जागा, बघा. यूजर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कम्पोनन्ट्स, फाइल एक्सप्लोरर या वाटेने गेलं की ‘डू नॉट मूव्ह डिलीटेड फाइल्स टू द रिसायकल बिन’ सापडतं. ते ‘नॉट कॉन्फिगर्ड’ असायला हवं. ऑफिसच्या मशिनवर हे मुद्दाम लावलेलं असू शकतं, तेव्हा आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

पेनड्राइव्ह, नेटवर्कवरचा शेअर्ड फोल्डर आणि केबलने जोडलेला फोन यांच्या फाइली बिनमध्ये जातच नाहीत. तिथे बिघाड शोधू नका. यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्क मात्र वेगळी, तिला बहुधा स्वतःचा बिन असतो.

एवढं सगळं निर्दोष निघालं तर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन जरूर करा.

«कमांड देऊन बिन उडवा.» हा उपाय खरा आहे, पण दुसऱ्या आजाराचा. ‘रिसायकल बिन करप्टेड आहे’ असा संदेश येत असेल तेव्हाच त्या ड्राइव्हवरचा लपलेला फोल्डर काढायचा. विंडोज तो नव्याने बनवतं. पण त्या फोल्डरात मशिनवरच्या प्रत्येक यूजरचा बिन असतो. एकाच कॉम्प्युटरवर घरातल्या चौघांची खाती असतील, तर चौघांच्याही बिनमधलं सगळं जातं, तेही विचारणा न होता. आधी प्रत्येकाच्या खात्यात जाऊन हवं ते रिस्टोअर करा.

«फॉरमॅट मारा.» सेटिंगची एक टिक बदलायला विंडोज नव्याने टाकायची गरज नाही. फाइली गेल्या असतील तर फॉरमॅट घातकच: नव्या विंडोजच्या कित्येक जीबी फाइली नेमक्या त्या मोकळ्या समजलेल्या जागेवर लिहिल्या जाऊ शकतात.

«रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका.» कुठे टाकायचं, हे सल्ल्यात नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. हार्ड डिस्कवर डिलीट झालेल्या फाइलीचा मजकूर लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. त्याच ड्राइव्हवर सॉफ्टवेअर डाउनलोड केलं तर तेच तिच्यावर बसू शकतं. म्हणून त्या ड्राइव्हवर काम थांबवा. सी ड्राइव्ह असेल तर मशिन बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि सापडलेल्या फाइली तिसऱ्या जागी उतरवा. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी हे मोफत साधन विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या (हे साल नव्हे) आवृत्तीपासून पुढे चालतं. तेही फाइल शोधायचा आणि उतरवायचा ड्राइव्ह वेगळा मागतं.

एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, आशा फार कमी. तिथे ट्रिम चालू असतं. मोकळी झालेली जागा विंडोज एसएसडीला कळवतं आणि एसएसडी ती आतून साफ करून टाकते. अशा वेळी आधी वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या) वेबसाइटवरचा बिन बघा. फोल्डर सिंक होत असेल, तर वैयक्तिक खात्यात डिलीट झालेली फाइल तिथे ३० दिवस राहते. फाइल हिस्टरी (विंडोजची बॅकअपची सोय) पूर्वीपासून चालू असेल, तर फाइल ज्या फोल्डरात होती त्यावर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स’ उघडा आणि फाइल जाण्याच्या आधीची तारीख निवडा.